बघ्यांचा डाव

परवा भाच्याला घेऊन नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका शाळकरी बुद्धिबळ स्पर्धेला गेलो होतो. डाव सुरू व्हायच्या आधी पंचांनी सगळ्या पालकांना हॉलबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. नियम आहे, बरोबरच आहे. पण एवढी पोरं आत बुद्धिबळ खेळताहेत आणि आवाज काय तो पंख्यांचा, हे काही मला झेपेना.

आमच्या वाड्यात बुद्धिबळ हा दोघांचा खेळ नव्हताच. आजोबा ओसरीवर कापडी पट अंथरायचे, समोर कुणीही बसायचं, आणि भोवती बघे. खरा खेळ त्यांचाच.

"अहो, घोडा जातोय!"

"जाऊ द्या हो. पुढचं बघा."

"पुढचं काय बघताय? वजीर उपाशी बसलाय केव्हाचा!"

खेळणारा भुवया आवळून विचारात गढल्याचं दाखवायचा. कान सगळा बघ्यांकडे. पावसाळ्यात गोदेचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की भांडी बाजारातली मंडळी हंडे-घागरी माळ्यावर चढवायची आणि मग हाताला काम नाही म्हणून थेट आमच्या ओसरीवर यायची. आमचा वाडा जरा चढावर. एकीकडे पाणी कुठवर आलं याची बातमी, दुसरीकडे उंट कुठे अडकला याची. असा डाव दिवेलागणीपर्यंत चाले आणि बऱ्याचदा मोडून ठेवावा लागे.

नियम देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. राजाला शह बसायच्या आत एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं म्हणून लगेच वजीर होत नसे. हत्तीच्या रांगेतून गेलं तर हत्ती, घोड्याच्या रांगेतून गेलं तर घोडा. आणि प्याद्याने मात केली, तर जिंकणारा पुढचे दोन दिवस ओसरीवर पाय पसरून बसायला मोकळा.

हा सावकाशपणा बघ्यांच्या सोयीसाठीच होता, असं माझं जुनं मत आहे. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीला आपल्या वजिराच्या जागी बसणाऱ्या राणीला सगळा पट मोकळा मिळाला. तोवर बिचारी तिरकी एकेक घर सरकायची. उंटही तेव्हाच सुटला. खेळ वेगवान झाला. त्यांना कुठेतरी जायचं असणार. आपल्याकडे दुपार काढायची होती. याच देशी नियमांत वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान विलायतेत गेला, आणि मोठेपणी शिकलेल्या परक्या नियमांनी 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटिश स्पर्धा जिंकला. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवून मोकळा झाला. सुरुवातीच्या चाली त्याला फारशा ठाऊक नसत, पण डाव शेवटाला आला की भारी. प्यादं एकेक घर चालवत मोठा झालेल्या माणसाला तिथे वेगळं काय शिकवायचं!

आता नाशिकला विदित गुजराथी आहे. 2023 मध्ये ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्सला गेला, 2024 च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या संघात होता. त्याचा डाव लागला की आमच्या कट्ट्यावर मोबाइल मधे ठेवतात. पण बडबड नाही. कडेला कोण वरचढ ते सांगणारा इंजिनाचा, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाचा, आकडा वरखाली होत असतो आणि सगळे तोच बघतात. इंजिन हा काही खरा बघ्या नव्हे. ते चुकत नाही. छातीठोकपणे चुकीची चाल सांगणं आणि मग "मी म्हणत होतो ते वेगळं" असं म्हणणं ही बघ्याची शान. ती त्याला कुठून येणार?

आमच्या ओसरीवर न चुकणारी एकच होती, आत्या. चहाचं ताट घेऊन यायची, पटाकडे एकवार बघायची आणि कप मांडता मांडता म्हणायची, "दादा, उंट सांभाळा." दोन-तीन चालींनी उंट जायचाच. आजोबा हसायचे, बघे हसायचे, आत्या आत जायची. 1974 साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि पुढची कितीतरी वर्षं ते विजेतेपद जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींनी घराबाहेर जाऊ दिलं नाही. आजोबांनी ती बातमी ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवली होती म्हणे. आत्या तेव्हा विशीतली. "ये, बस एक डाव" असं तिला कुणी म्हटल्याचं मात्र कुणाला आठवत नाही.

गेल्या वर्षी, दिव्या देशमुखने बुद्धिबळातला महिलांचा विश्वचषक जिंकला त्या सुमारास, मी आत्याला विचारलं, "तू का गं कधी बसली नाहीस?"

"बसणारे हरायचे," ती म्हणाली. "मी कधी हरले का?"

मग तिने सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.