फुकट शिकवणारा सर तुळशीच्या लग्नानंतर गायब होतो

रविवारी साडेआठला व्हायोलिन शिकवायला शिवडीत पोचायचं म्हणजे चेंबूरहून आठच्या आतली लोकल धरावी लागते, आणि साडेदहाला काहीही झालं तरी आटपावं लागतं कारण हार्बरला मेगाब्लॉक असला की घरी जायला बस, त्यात उभं राहायची मारामार, व्हायोलिनची केस छातीशी धरलेली, आणि शेजारचा हमखास विचारणार, "गिटार का?" मी आता हो म्हणतो. आमच्या चेलोवाल्याचं (चेलो म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन) याहून वाईट आहे. तो लगेजच्या डब्यातून येतो, मच्छीच्या टोपल्यांच्या मधे उभा राहून, आणि मावश्या त्याला ओळखायला लागल्यात. "आला बघ पेटीवाला," म्हणून जागा करून देतात. त्याच्या केसला कायमचा बोंबलाचा वास आहे, लग्नाच्या हॉलमधे एसीत तो जरा जास्तच येतो.

तर आम्ही चौघं, दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनची जरा मोठी बहीण), एक चेलो. पोट रेकॉर्डिंगवर आणि लग्नांवर भरतं, अधूनमधून कुठे ऑर्केस्ट्रात जादाचे वादक लागले तर तिथे. गेली तीन वर्षं शिवडीतल्या एका मंडळाच्या हॉलमधे वस्तीतल्या पोरांना शिकवतो. व्हायोलिनं चौदा, सगळी चायनीज, एका देणगीदाराने दिलेली, आणि ठेवायची कुठे तर मंडळाच्या ढोलताशांच्याच कपाटात. वरच्या कप्प्यात व्हायोलिनं, खाली ढोल. गणपतीच्या महिन्यात कोण कोणावर पडेल सांगता येत नाही.

लोकांना वाटतं असल्या क्लासमधे आपण जाऊन सुंदर काहीतरी वाजवतो आणि पोरं आ वासून ऐकतात. मी सांगतो काय होतं ते. चौदा गुणिले चार, छप्पन्न तारा, त्या सुरात लावायच्या. पहिला अर्धा तास त्यातच जातो, दोघं जण लावत असतो आणि बाकीचे दोघं पोरांना टाळ्या वाजवायला लावून ताल धरून ठेवतात. आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगतं, खुंटी भोकात अशी रुतून बसते की पक्कड आणावीशी वाटते (आणायची नाही, खुंटी तुटते), बोचे, म्हणजे वाजवायच्या गजाचे, केस लांब होऊन सैल पडतात, स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी ताणत नाहीत. मग डिसेंबरात कोरडी हवा आली की तीच खुंटी घसरायला लागते, लावली की सर्रकन सुटते. रुतली तर साबण, घसरली तर खडू, हे माझ्या केसमधे रोझिनच्या (बोला लावायच्या राळेच्या) शेजारी कायम असतं. बायको म्हणते तुझ्या केसमधे न्हाणीघर आणि शाळा दोन्ही आहे.

पहिल्याच जुलैत एका व्हायोलिनची कड उकलली. मंडळातल्या एका काकांनी, अतिशय प्रेमाने, ते सुताराकडच्या पांढऱ्या डिंकाने पक्कं चिकटवून ठेवलं आणि पुढच्या रविवारी अभिमानाने दाखवलं. मी थँक्यू म्हणालो. काय बोलणार. व्हायोलिन सरसाने जोडतात, जनावराच्या कातड्याचा सरस, आणि तो मुद्दाम असा असतो की गरम पाणी, वाफ दिली की सुटतो, म्हणजे उद्या आतलं काही दुरुस्त करायचं तर उघडता येतं. हे आता उघडणार नाही, उघडायला गेलं तर फळी फाटेल. नंतर आतला साउंडपोस्ट पडला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या पायाखाली आत एक छोटी काडी उभी असते, नुसती दाबाने, चिकटवलेली नसते, ती आडवी झाली. ते एफ आकाराच्या भोकातून वाकडी सळई घालून उभं करायचं काम मी यूट्यूबवर बघून दोन रात्री केलं. तेव्हापासून कपाटात पंधरा वॅटचा बल्ब चालू ठेवतो, जुने हार्मोनियमवाले आणि फोटोग्राफर ठेवायचे तसा. ढोलांचंही बरं झालं म्हणे.

आता शिकवण्याचं. मी पंचवीस वर्षं वाजवतोय आणि पहिल्या दिवशी मला बो कसा धरतात ते सांगता आलं नाही. खरंच. धरून दाखवलं, पोरांनी धरला, आणि चौदाच्या चौदा अंगठे काठीसारखे ताठ. अंगठा ताठ झाला की मनगट अडतं, मनगट अडलं की खांदा वर येतो, आणि मग तारेतून जो आवाज निघतो तो बंद दुकानाचं शटर ओढल्यासारखा. मी ओरडलो, "अंगठा वाकवा," त्यांनी वाकवला, दोन सेकंदांनी परत ताठ. माझे सर पेन्सिलीने बोटावर टकटक मारायचे, मी शिकलो तो त्या भीतीने, कारण कधी कळलंच नाही. घरी जाऊन आरशासमोर उभा राहिलो आणि स्वतःचा अंगठा बघत बसलो.

पुढच्या रविवारी एक मुलगी, असेल नऊ वर्षांची, समोर उभी राहून माझ्या हाताकडे बराच वेळ बघत होती. म्हणाली, "सर, रांगोळी सोडताना धरतात तसं का?"

अरे! चिमटीत रांगोळी धरलीय, अंगठा आपोआप वाकलेला, बोटं सैल, आणि घट्ट दाबलं की रांगोळी पडायचीच थांबते, रेघ तुटते. सैल सोडलं तर भसकन सगळी पडते. बो हेच आहे. करंगळी काठीवर टेकवायची तेवढी वेगळी सांगितली. त्या दिवशी आम्ही बो बाजूला ठेवले, मुलींनी घरून रांगोळीचे डबे आणले, हॉलच्या जमिनीवर चौदा सरळ रेघा मारल्या, हळू, एका श्वासात, शेवटपर्यंत सारखी जाडी. मग तोच हात बोवर. पोरांपैकी दोघांनी "आम्ही मुली आहोत का" म्हणून तोंड वाकडं केलं, त्यांचे अंगठे अजून ताठ आहेत.

आमच्यात भांडणंही आहेत. व्हायोलावाली मॅडम म्हणते स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, पहिल्या दिवसापासून हवं, ती गोव्याच्या घरातली, तिचे आजोबा फिल्म लाइनला व्हायोलिन वाजवायचे, आणि तिचं म्हणणं की कागद वाचता आला नाही तर पोर कुठल्याच सेक्शनमधे बसू शकणार नाही. खरं आहे. पण या पोरांचा कान भजनावर तयार झालाय, त्यांना सा रे ग म म्हटलं की गातात आणि कागद दाखवला की गप्प होतात. मी सरगमवर शिकवतो, मॅडम शेवटची वीस मिनिटं कागद काढते, एकमेकांच्या पाठीमागे नाकं मुरडतो, चाललंय. एका पोराचे आजोबा दर रविवारी दाराशी बसतात, त्यांना दोन्ही नको. "प्रभाकर जोगांचं गाणारं व्हायोलिन ऐकलंय आम्ही," म्हणतात, "ते कधी शिकवणार?" म्हटलं आजोबा, आधी शटर तरी बंद होऊ दे.

मॅडमच्या आजोबांवरून आठवलं. कोणीही या कामाबद्दल ऐकलं की मला व्हेनेझुएलाचा व्हिडिओ पाठवतो, एल सिस्टेमा, 1975 मधे होजे आंतोनियो आब्रेऊने गरीब पोरांचा ऑर्केस्ट्रा सुरू केला वगैरे. चांगलंच आहे ते. पण अहो एवढ्या लांब कशाला जाताय? हिंदी सिनेमाच्या गाण्यांत जी व्हायोलिनं लाटेसारखी येतात ती वाजवणारे बरेचसे गोव्याचे, आणि ते शिकले कुठे, तर चर्चला जोडलेल्या गावच्या शाळेत. तिथला मेस्त्र, म्हणजे संगीताचा मास्तर, पोरांना सोल्फा (त्यांचं सा रे ग म) म्हणायला लावायचा, व्हायोलिन हातात द्यायचा, घरच्यांना परवडतंय का हा प्रश्नच नाही, कारण मेस्त्र चर्चच्या नोकरीत. त्यातून शंकर-जयकिशनच्या गाण्यांची अरेंजमेंट करणारे सेबॅस्टियन डिसूझा आले, अँथनी गोन्साल्विस आले, ज्यांनी मुंबईत प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं आणि ज्यांचं नाव मग प्यारेलालनी 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त गाण्यात घातलं. सगळे गातात, माणूस कोण ते फार थोड्यांना ठाऊक.

मग नव्वदच्या दशकात कीबोर्ड आला, तीस व्हायोलिनांचं काम एका बोटाने व्हायला लागलं, आणि ज्यांच्या मुलांनी वडिलांचा बो उचलला असता ती मुलं बँकेत गेली. 2006 मधे नरिमन पॉइंटला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तेव्हा वादक मोठ्या संख्येने बाहेरून, कझाकस्तानसारख्या देशातून आणावे लागले. याच शहरात मेहली मेहतांनी 1935 मधे बॉम्बे सिम्फनी उभी केली होती. मला त्या कझाक लोकांबद्दल तक्रार नाही, काय वाजवतात, बाजूला बसलो की लाज वाटते. पण मधली एक पिढी कुठे गेली हे डोळ्यासमोर दिसतं.

आणि इथेच माझा मुद्दा येतो, मेस्त्र पगारी होता.

आम्ही सुरुवात फुकट केली. मोठ्या मनाने. जुलै ते ऑक्टोबर चौघंही हजर, ग्रुपवर फोटो, लोकांचे हात जोडलेले इमोजी. मग तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू. लग्नात नवरीच्या एन्ट्रीला चार तंतुवाद्यं हवीत अशी फॅशन आहे सध्या, शनिवारी रात्री जुहूला वाजवायचं, साउंडवाला केबल गुंडाळेपर्यंत दोन वाजतात, आणि त्या एका रात्रीत जे मिळतं त्यात माझ्या पोरीची महिन्याची फी निघते. कोण रविवारी आठची लोकल धरणार? पहिल्या आठवड्यात मी मेसेज टाकला, तब्येत बरी नाही. दुसऱ्या आठवड्यात चेलोवाल्याची तब्येत बरी नव्हती. तिसऱ्या आठवड्यात मॅडम एकटी गेली, छप्पन्न तारा एकटीने लावल्या आणि रडत घरी गेली. जानेवारीत आम्ही परत उगवलो तर चौदातली पाच पोरं शिल्लक, आणि त्या पाचांची डावी मनगटं व्हायोलिनच्या मानेला ट्रे धरल्यासारखी टेकलेली. चार महिन्यांचं सरळ केलेलं मनगट सहा आठवड्यांत वाकडं होतं, आणि परत सरळ करायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण आता त्याला सवय लागलेली असते.

रांगोळीवाल्या मुलीची आई दारात भेटली. मासे विकते, रविवार तिचा कमाईचा दिवस, तरी पोरीला सोडायला येते. मी काहीतरी तब्येतीचं पुटपुटलो. ती शांतपणे म्हणाली, "सर, तुम्हाला पैसे भेटत नाहीत ना इथे? मग कसं यायचं तुम्ही. आम्ही पण धंदा सोडून नाय जात कुठे." राग नव्हता हो. हिशोब होता. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही देणगीदाराच्या माणसाकडे मानधनाचं बोललो. त्याचं तोंड असं झालं की आम्ही देवळाच्या पेटीतले मागितले. "सर, हे तर सेवाकार्य आहे ना, कलेची सेवा." बॅनरचा खर्च झाला होता बरं का, आमच्या चौघांच्या फोटोसकट, दहा बाय सहा. ड्रोनने व्हिडिओ काढला होता, एका हॉलचा. ते बॅनर आता पावसात कपाटावर टाकायला उपयोगी पडतं.

शेवटी निघाला मार्ग मंडळातूनच. दर पोरामागे महिन्याला शंभर रुपये, ज्याला जमेल त्याने, उरलेलं मंडळ वर्गणीतून घालतं. आम्हाला रविवारचे हजार रुपये. लग्नाच्या मानाने काहीच नाहीत. पण सोबत एक अट आली आणि ती घातली त्याच काकांनी, पांढऱ्या डिंकवाल्या. ज्याला यायला जमणार नाही त्याने बदली माणूस पाठवायचा, स्वतःच्या खर्चाने. रेकॉर्डिंगला आम्ही हेच करतो की! सेशनला दांडी मारून तब्येत बरी नाही असा मेसेज टाकायची हिंमत आहे का कोणाची? पहिलं पाकीट घेताना हात अवघडला, त्यात सुट्ट्या नोटा होत्या, दहा-दहाच्या, ओलसर. घरी येऊन बायकोला दिलं नाही, केसच्या कप्प्यात खडूशेजारी ठेवलं. दुसरं मात्र दिलं.

त्यानंतरचे दोन सीझन गेले, एकही रविवार रिकामा नाही. मी तीनदा बदली पाठवला, त्यातला एक पोरगा पोरांना इतका आवडला की मला जरा लागलं. अजून दोन पोरं क्लास सोडून गेली, एक दहावी म्हणून, एकाचं घर रिडेव्हलपमेंटमधे गेलं आणि ते विरारला गेले. नवीन आली. आज अठरा पोरं आहेत आणि व्हायोलिनं चौदाच, म्हणजे तेरा, ते एक चिकटवलेलं आवाजच देत नाही, ते नुसतं धरायला शिकवायला वापरतो.

गणपतीत मंडळाने आरतीला वाजवायला लावलं. झांजांच्या आवाजात काहीही ऐकू आलं नाही. आजोबा म्हणाले, "सुरात होतं." त्यांना कसं कळलं देव जाणे.

आता खरं काम. रांगोळीवाल्या मुलीला आता बारावं लागलं, अर्ध्या मापाचं व्हायोलिन तिला अपुरं पडतंय. हात सरळ करून मापलं तर व्हायोलिनचं टोक तळहाताच्या कितीतरी आधीच संपतं. तिला थ्री-फोर, म्हणजे पाऊण मापाचं, हवं, आणि अर्धं तिच्या भावाला जाईल, त्याने आत्ताच खुंटीवर हक्क सांगून ठेवलाय. कोणाच्या माळ्यावर मुलाने सोडून दिलेलं थ्री-फोर पडलं असेल तर खाली लिहा, मी रविवार सोडून कधीही घ्यायला येतो. तारा नसल्या तरी चालेल, घोडी नसली तरी चालेल. फक्त प्लीज, कड उकलली असेल तर तशीच राहू द्या, चिकटवू नका.