मुलं घाबरत नाहीत का?

मेक्सिकोच्या लोककथांवर बेतलेली साहसाची पुस्तकं मी मुलांच्या हातात देते, तेव्हा पालकांचा प्रश्न ठरलेला: "यात भुतं, हाडांचे सांगाडे, मेलेली माणसं. मुलं घाबरत नाहीत का?"

घाबरतात. घाबरावं म्हणूनच तर यातल्या कितीतरी गोष्टी सांगितल्या गेल्या. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्याने मेक्सिकोतल्या मूळच्या नाहुआ लोकांमधल्या जाणकारांकडून माहिती घेऊन तयार केलेल्या ग्रंथात आवीत्सोत्ल नावाचा पाण्यातला प्राणी भेटतो. लहानशा कुत्र्याएवढा, अंग काळं, बुळबुळीत, आणि शेपटीच्या टोकाला चक्क माणसाचा हात! काठावर आलेल्याला त्या हाताने धरून तळाशी ओढतो. शिकार मिळेना, की लहान मुलासारखा रडतो. पण त्याने नेलेला माणूस पर्जन्यदेव त्लालोकच्या राज्यात जातो. म्हणजे हे जनावर मोकाट नाही, त्याच्यावरही कुणीतरी आहे.

मला हेच मोलाचं वाटतं. तिथल्या भीतीला नियम असतात आणि ते घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतात. मेक्सिकोतल्या वेराक्रूजकडच्या रानातले चानेके नावाचे बुटके जीव माणसांची वाट चुकवतात, पण कपडे उलटे घातले की सुटका होते, असं मानतात. चांगल्या पुस्तकात नायिका तरते ती आजीचं असं बोलणं ऐनवेळी आठवल्यामुळे. नुसती राक्षसांची नावं उचलून तलवारबाजी रंगवणारी पुस्तकं मी बाजूलाच ठेवते.

आणि कुत्रा! मेलेल्याला मिक्त्लान, म्हणजे मृतांचं जग, गाठायला चार वर्षं लागतात. वाटेत नदी, ती कुत्र्याच्या मदतीनेच ओलांडायची. पांढरा म्हणतो, मी आत्ताच अंग धुतलंय. काळा म्हणतो, मी आत्ताच काळा झालोय. शेवटी पार नेतो तो पिवळा. हे वाचताना मुलं खिदळतात, आणि पुढच्या पानावर मरणाबद्दल सरळ प्रश्न विचारतात. एरवी हे प्रश्न त्यांना कुणी विचारू देत नाही.

ला योरोना मात्र मी नऊ-दहा वर्षांच्या आत देत नाही. पोटच्या मुलांना बुडवून नदीकाठी रडत फिरणारी ती आई. तिथे धोका आईकडूनच आहे, आणि ते लहानांना पेलत नाही. त्यांच्यासाठी कुत्र्याची गोष्ट आहे, चानेके आहेत. तेवढ्यावर दोन-तीन वर्षं आरामात निघतात.