मुळेचं पाणी, कुंडलिकेचं नाव

माझ्या पणजीचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहे. नेमकं कुठलं गाव, यावर घरात एकमत नाही. आत्या एक नाव सांगते, वडील दुसरं. लहानपणी उन्हाळ्यात धरण उतरलं की वडील पौडच्या पुढे गाडी थांबवून नुसतं बोट दाखवायचे, "तिथं कुठंतरी." आम्हाला चिखल दिसायचा आणि बगळे.

या मे महिन्यात आतेभावाला म्हटलं, गाव काही सापडायचं नाही, निदान ते पाणी जातं कुठं ते तरी बघू. मोटारसायकल काढली आणि ताम्हिणी घाटाला लागलो.

खरं तर या पाण्यानं पूर्वेला जायचं. मुळा पुण्यात येते, संगमावर मुठेला भेटते, पुढे भीमेला मिळते. भीमा पंढरपूरवरून कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. उतार तसा आहे, सह्याद्रीचा कडा हाताच्या अंतरावर असला तरी. टाटांच्या वीजकंपनीनं नेमकं तेच हेरलं. मुळा अडवायची, पाणी डोंगराच्या पोटातून कड्याकडे न्यायचं आणि नळांतून सुमारे 500 मीटर खाली कोकणात सोडायचं. खाली भिरा. तिथलं वीजघर 1927 सालचं, जुन्या संचांची क्षमता 150 मेगावॉट. चाकं फिरवून झाली की ते पाणी कुंडलिका नदीत येतं. विठोबाच्या वाटेला लागलेलं पाणी रेवदंड्याला पोचतं ते असं.

यासाठी मुळशी खोऱ्यातली गावं उठली. आंबेमोहोराची खाचरं होती ती. 16 एप्रिल 1921, रामनवमी. त्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. "जान किंवा जमीन" ही घोषणा तिथली. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात, आणि त्यांच्याबरोबर विनायकराव भुस्कुटेही होते. लढा तीनेक वर्षं चालला आणि विझला. दडपशाही झाली हे खरंच, पण आणखी एक गोष्ट जरा हळू आवाजात सांगितली जाते: बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. त्यांना मोबदल्याशी मतलब होता. कसणाऱ्याची जान आणि जमीन दोन्ही पणाला, आणि कागद दुसऱ्याच्या पेटीत. पणजीच्या घरचा कागद कुणाकडे होता, कुणास ठाऊक. ती लग्न होऊन आधीच बाहेर पडली होती. माहेरपणाला जायला मात्र घर उरलं नाही.

घाट उतरून विळ्यावरून आत वळलो, पाटणूस मागं टाकून भिऱ्याला पोचलो. मे महिन्यात ताम्हिणीत धबधब्यांच्या जागी काळे ओघळ तेवढे दिसतात. कोकणातले ओढे या दिवसांत गोट्यांचे रस्ते झालेले असतात. भिऱ्याच्या वर देवकुंड आहे, कुंडलिकेचा उगम म्हणून दाखवतात ते. उन्हामुळे आम्ही तिकडे गेलो नाही, आणि त्याबद्दल फार वाईटही वाटलं नाही. आम्हाला हवा होता तो दुसरा उगम. डोंगरउतारावरून सरळ रेषेत खाली आलेले ते नळ लांबूनच दिसले. भाऊ म्हणाला, "एवढंच?" मला काय अपेक्षित होतं ते मलाही सांगता येणार नाही.

चहाच्या टपरीवरच्या मावशींना विचारलं, नदीला पाणी आहे का? त्या हसल्या. "पाणी का नाय? मुंबईत लाइटी लागल्या की हितं पाणी येतं." याहून सोपं करून ते कुणी सांगितलं नव्हतं मला. मुंबईला वीज लागते तेव्हा संच फिरतात, संच फिरले की नदी वाहते. पाऊसपाणी, उन्हाळा यांच्यापेक्षा या नदीला शहराच्या दिवसाचं वेळापत्रक जास्त ठाऊक आहे.

रवाळज्याच्या बंधाऱ्याखाली तर हे वेळापत्रक रोजगारच झालंय. कोलाडचं राफ्टिंग भर उन्हाळ्यात चालतं ते याच सोडलेल्या पाण्यावर. सकाळी पाणी सुटतं, तेव्हा रबरी होड्यांची रांग लागते. दुपार झाली की तेच पात्र उथळ होऊन दगड वर येतात. आम्ही उशिरा पोचलो. होड्या ट्रकवर चढवत होते. एक मुलगा म्हणाला, "उद्या लवकर या, आता नदी गेली." पुण्यामुंबईची मंडळी हेल्मेट काढून सेल्फी काढत होती. मी पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले. गार होतं, चांगलंच. डोक्यात नको ते हिशेब येतात अशा वेळी: यातलं किती आमच्या खाचरांवरून आलं असेल? पण खोटं कशाला बोलू, पाय काढवत नव्हते. डोळवहाळच्या बंधाऱ्यावरून हेच पाणी कालव्यांनी शेताला जातं. रोह्याकडे येताना भर मे महिन्यात हिरवी शेतं दिसली. कोकणात उन्हाळ्याचं भात! पणजीला दाखवायला हवं होतं. की नको, कळत नाही.

रोह्याच्या अलीकडे रासायनिक कारखान्यांची वसाहत लागते. काच वर करायला मोटारसायकलला काच नसते, एवढंच सांगतो.

रोहा नदीच्या डाव्या तीरावर, समोर उजव्या तीरावर अष्टमी. नगरपरिषदेच्या नावात दोन्ही आहेत. वर डोंगरावर अवचितगड. एके काळी इथून तांदूळ भरून गलबतं मुंबईला जायची, कारण भरतीचं पाणी इथवर चढतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचंही हे गाव. घाटावर बसलेल्या एका आजोबांना मी मुळशीची हकीगत सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे तुमचं पाणी आम्ही पितो की!" आणि चहा पाजला. भरपाई मिळाली ती एवढी.

रोह्यानंतर नदी खाडी होते. पात्र रुंद, काठाला कांदळवन, आणि शेवटी साळाव-रेवदंड्याचा पूल. पुलावरून एका बाजूला रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, दुसऱ्या बाजूला कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला. त्याच्या पायथ्याच्या गावात अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. तो किल्ला निजामशाहीनं बांधायला घेतला आणि 1594 मध्ये पोर्तुगिजांनी जिंकला, पुढे मराठ्यांकडे आला.

माझं लक्ष मात्र पाण्यातल्या खांबांकडे होतं. कोळी जाळी बांधायला रोवतात ते. मार्च 1508 मध्ये याच मुखात पोर्तुगीज आरमार आणि इजिप्तचं मामलुक आरमार भिडलं. दीवचा मलिक अयाज मामलुकांच्या मदतीला आलेला. पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा याचं जहाज निसटताना असल्याच मासेमारीच्या खांबांत अडकलं आणि तो मारला गेला. बापानं पुढच्या वर्षी दीवला सूड घेतला, त्यातून समुद्राची मालकी बदलली वगैरे इतिहास सगळे सांगतात. पण ते खांब रोवले कुणी? इथल्याच कुणा कोळ्यानं, बोंबील मिळावेत म्हणून. त्याचं नाव कुठं नाही. त्याच्या जाळ्याची भरपाई तर नाहीच नाही.

वडिलांनी एक बाटली पाणी आणायला सांगितलं होतं, ती मी भिऱ्यालाच भरून घेतली होती. पुलाखाली उतरून उरलेली जागा इथल्या पाण्यानं भरावी असा विचार होता. खाली गेलो तर एक होडी कोर्लईकडून आत येत होती, इंजिन बंद, तरी सरकत होती. होडीवाला म्हणाला, "भरती लागलीय, रोह्याकडं चाललंय पानी." मी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि वर आलो. भाऊ गाडीवर बसून कोकम सरबत पीत होता, माझा ग्लास तसाच ठेवून.