मशीन आज रात्रीच रिकामी होतेय

सकाळी अकराच्या सुमारास प्रेसमधून फोन आला, परवा मिळणार होती ती छपाईची मशीन आज रात्रीच रिकामी होतेय, पहिले दोन फॉर्म संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर मग दसऱ्यानंतर बघू. दिवाळी अंकाच्या दिवसांत प्रेसवाला 'नंतर बघू' म्हणाला की काय होतं ते ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको. दोन फॉर्म म्हणजे सोळा-सोळा पानं, त्यातल्या निम्म्या पानांवर तोपर्यंत नुसत्या चौकटी होत्या. मी पुण्यात एका छोट्या डीटीपी युनिटमधे काम करते, म्हणजे पानं कॉम्प्युटरवर लावून प्रेसला द्यायची, आम्ही दोघंच, मी आणि काका. काका पेजमेकरवाले, म्हणजे पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवाले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 साली आली, त्यानंतर अडोबीने ते सोडलं, काकांनी नाही सोडलं. त्यांची जुन्या विंडोज एक्सपीची मशीन कोपऱ्यात अजून चालू आहे, इंटरनेट नाही त्यामुळे व्हायरस पण नाही.

पहिली अडचण जाहिराती. जाहिरातदार काय म्हणतो? "गेल्या वर्षीचीच टाका." गेल्या वर्षीची कुठंय ते त्याला माहीत नसतं आणि बॅकअपच्या डिस्कवर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हेच घ्या' असे फोल्डर. विंडोजच्या सर्चमधे टाकलं तर ती हिरवी पट्टी सरकत बसते, चहा होतो तरी सापडत नाही. यासाठी मी एव्हरीथिंग नावाचं सॉफ्टवेअर ठेवलंय, दोन-तीन एमबीचं, फुकट. डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटची असेल तर विंडोज सगळ्या फाइलींच्या नावांचं एक टेबल डिस्कवर ठेवतंच, हे सरळ तेच टेबल वाचतं, फोल्डर उघडून उघडून बघत बसत नाही, म्हणून टाइप करता करता यादी समोर येते. ईएक्सटी कोलन सीडीआर (ext:cdr) टाकलं की नुसत्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाइली, मग तारखेच्या कॉलमवर क्लिक केलं की गेल्या वर्षीच्या एका जागी. पेनड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटचा असला तर मात्र ते टेबलच नसतं, मग तो ड्राइव्ह सेटिंगमधे जाऊन फोल्डर म्हणून जोडावा लागतो, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि मग म्हणतात सॉफ्टवेअर बोगस आहे. जेवायच्या आधी सगळ्या जाहिराती एका फोल्डरमधे आल्या होत्या, दरवर्षी यातच दुपार जायची.

लेखकांचे फोटो नेहमीसारखे व्हॉट्सॲपवरून, सगळ्यांचं नाव 'व्हॉट्सॲप इमेज' आणि पुढं तारीख वेळ. आतली पानं एकाच रंगात, म्हणजे सगळे फोटो काळे-पांढरे हवेत, एखादा जरी रंगीत राहिला तरी छपाईच्या प्लेट करणारा ओरडतो. इर्फानव्ह्यू हे फोटो बघायचं सॉफ्टवेअर उघडायचं, बी दाबायचं, बॅच कन्व्हर्जनमधे (सगळे फोटो एकदम बदलायची खिडकी) ग्रेस्केलला म्हणजे काळ्या-पांढऱ्याला टिक करायचं आणि अख्खं फोल्डर टाकून द्यायचं, झालं. हे 1996 पासून आहे, आयकॉनला रस्त्यावर चिरडलेली लाल मांजर आहे, का ते विचारू नका. घरी वापरायला फुकट आहे पण ऑफिसात लायसन्स लागतं, ते आम्ही घेतलंय. कोणता चेहरा कोणाचा हे काही त्याला कळत नाही, ती नावं हातानंच द्यायची, पण एक सांगते, एफ-टू दाबून नाव दिलं की एंटर न मारता टॅब दाबायचा, थेट पुढच्या फाइलीचं नाव बदलायला उघडतं. यात वेगळं सॉफ्टवेअर पण नको. आणि फोटो लहान आहेत म्हणून घाबरायचं नाही, 1600 पिक्सेलचा फोटो 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, साडेतेरा सेंटिमीटर छापता येतो, लेखकाचा फोटो आपण टाकतो तीन सेंटिमीटर.

लेखकांच्या परिचयाच्या ओळींना विंडोजची की आणि व्ही, म्हणजे कॉपी केलेल्या गोष्टींची यादी. लेखकाच्या मेलमधून नाव, परिचय, पत्ता, फोन एकापाठोपाठ कॉपी करायचं, मग इन्डिझाइनमधे, म्हणजे मी पानं लावते त्या सॉफ्टवेअरमधे, येऊन त्या यादीतून एकेक सोडायचं, सारखं इकडून तिकडं पळायला नको. 2018 च्या शेवटापासून हे विंडोज 10 मधे आहे, फक्त एकदा चालू करावं लागतं. शेवटच्या 25 गोष्टी लक्षात ठेवतं, पण मशीन रीस्टार्ट केली की पिन केलेल्या सोडून सगळ्या गेल्या.

खरी मजा मजकुरात होती. संपादक सरांनी एक लांबलचक कथा पाठवली, साधी टेक्स्ट फाइल, उघडली तर सगळा कचरा, फॉन्टचं नाव कुठंच नाही, लेखक फोन उचलेना. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी तो फॉन्ट नसला की असंच दिसतं. ते युनिकोडमधे, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीत आणणारे कन्व्हर्टर माझ्याकडं दोन-तीन आहेत पण कुठल्या फॉन्टमधून आणायचं ते आपण सांगावं लागतं. मी काकांना हाक मारली. काकांनी चष्मा वर केला, दोन ओळी बघितल्या आणि म्हणाले, "अगं कृतिदेव आहे हे, वाच की." वाच की! मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं, साधी इंग्रजी अक्षरं दिसतायत ना, सुरेख-योगेशसारखा दुसरा जुना फॉन्ट असता तर डोक्यावर टिंबं आणि तिरक्या रेघावाली अक्षरं दिसली असती. आणि हे बघ, व्ही के एफ डॉट के (vkf.k), हे 'आणि', मराठी मजकुरात हे सगळीकडं सापडणारच. एफ म्हणजे वेलांटी, जुन्या फॉन्टात ती आधी टाइप होते आणि अक्षर नंतर, युनिकोडमधे उलटं, म्हणूनच स्वस्तातले कन्व्हर्टर वेलांटीला आणि रफाराला घोळ घालतात. मी इतकी वर्षं हे काम करते आणि त्या कचऱ्याकडं कधी असं बघितलंच नव्हतं.

कन्व्हर्ट झाल्यावर मी माझी ऑटोहॉटकीची स्क्रिप्ट चालवली. ऑटोहॉटकी म्हणजे कीबोर्डवरच्या एखाद्या कीला आपणच काम शिकवायचं, मी एक की ठेवलीय जी निवडलेला मजकूर उचलते, डबल स्पेस काढते, पूर्णविरामाआधीची स्पेस काढते, सरळ अवतरणचिन्हं गोल करते आणि परत तिथंच पेस्ट करते. (मूळ साइटवरूनच घ्या, सर्चमधे वर येणाऱ्या भलत्या साइटचं मोठं हिरवं डाउनलोड बटण दाबू नका. स्क्रिप्टची ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी फाइल, केली तर अँटीव्हायरस कधीकधी उगाच ओरडतो.) तिच्यातला सगळ्यात उपयोगी भाग 'ऱ्य'चा आहे. हे अक्षर युनिकोडमधे दोन पद्धतींनी टाइप होतं, स्क्रीनवर सारखंच दिसतं पण शोधायला गेलं की एकच सापडतं, आणि एका पद्धतीत मधे एक न दिसणारं चिन्ह असतं, ते मेलमधून इकडं तिकडं जाताना पडलं की 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. छापील अंकात असं दिसलं की वाचक पोस्टकार्ड पाठवतात, अजूनही.

तर दोन्ही पद्धती एक करणं स्क्रिप्टला जमतं, पण चिन्ह पडून गेलेलं असेल तर तिथं मी तिला नुसतं पिवळं करायला सांगितलंय, बदलायला नाही. कारण त्याच दिवशी ट्रेकिंगच्या लेखात 'डोंगरदर्या' आलं होतं आणि त्या कथेत 'दर्या'. दोन्हीकडं पिवळं. मी लेखातलं 'डोंगरदऱ्या' करून कथेकडं वळले तर काका मागूनच म्हणाले, "तिथं हात लावू नकोस, मालवणातली कथा आहे, दर्याच हवा." त्यांनी तोपर्यंत अख्खी कथा प्रिंट काढून वाचली होती, मी जाहिराती बसवत होते तेवढ्यात.

पीडीएफ नऊच्या आसपास गेल्या. प्रेसवाल्यानं एकच फोन केला, फॉन्ट एम्बेड, म्हणजे पीडीएफच्या आतच, आहेत ना, होते.

सगळं आवरल्यावर मी हौसेनं काकांच्या एक्सपीवर एव्हरीथिंग पेनड्राइव्हनं टाकून दिलं, जुन्यावर पण चालतं ते. काकांनी एका बोटानं 'नवा' टाइप केलं कारण त्यांना कुठलीशी जुनी लग्नपत्रिका हवी होती. 'नवा', 'नवा 1', 'नवा 2', 'नवा साहेब', फाइली खाली खाली जातच राहिल्या, सगळ्या पेजमेकरच्या. काकांनी ती यादी थोडा वेळ बघितली, खिडकी बंद केली, डी ड्राइव्ह, मग तिसरा फोल्डर, मग आतला, आणि पत्रिका उघडली. "सापडली की," म्हणाले.