बारा लॅपटॉप आणि किमतीचा रकाना

आमच्या कंपनीने मोडीत काढलेले बारा लॅपटॉप जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत पोहोचवायला मला अकरा आठवडे लागले. त्यांतले नऊ आठवडे एका रकान्याने खाल्ले, आणि त्या रकान्याचे नाव होते ‘किंमत’.

ही हौस जुनी आहे. 2005 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या निकोलस निग्रोपाँटे यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली तेव्हा मी कॉलेजात होतो. 2007 मध्ये ते हिरवे-पांढरे यंत्र कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत त्याची किंमत 188 डॉलरच्या आसपास गेली. केंद्र सरकारने 2006 मध्येच या योजनेला नकार दिला होता, तरीही कर्जत तालुक्यातील एका एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांच्या हाती ते लॅपटॉप पडले. ते पाहायला मी मुद्दाम गेलो होतो, आणि भर उन्हात अंगणात बसूनही वाचता येणारा त्याचा पडदा तेव्हापासून डोक्यात राहिला.

कंपनीचे पत्र मिळाले, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव एका संध्याकाळीच झाला, केंद्रप्रमुखांनी सही केली. मग फाइल तालुक्याच्या कार्यालयात गेली आणि तिथेच बसली.

देणगीत आलेली वस्तू शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढवावी लागते आणि तिथे तिची किंमत लिहावी लागते. पाच वर्षे वापरलेल्या या यंत्रांची पुस्तकी किंमत, म्हणजे कंपनीच्या हिशेबात उरलेली किंमत, शून्य असल्याचे कंपनीने लिहून दिले होते. टेबलावरच्या बाबूंनी पत्र दोनदा वाचले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “साहेब, शून्य किमतीची वस्तू रजिस्टरला कशी घेणार? उद्या चोरी झाली तर पंचनाम्यात काय लिहायचं, काहीच गेलं नाही?” त्या क्षणी मला त्यांचा मनस्वी राग आला, आज मात्र कबूल करतो की प्रश्न चुकीचा नव्हता. चुकीचे होते ते त्यानंतरचे. एक रुपया लिहू का, असे विचारल्यावर ती कार्यालयाची थट्टा ठरली. मूळ खरेदीची किंमत लिहू का, यावर “मग तेवढ्याची जबाबदारी मुख्याध्यापक घेतील का?” असा प्रतिप्रश्न आला, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांचा चेहरा पाहून मीच तो विषय सोडला. पुढच्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते, त्याच्या पुढच्या खेपेला मार्च एंड होता, आणि एका खेपेला आमचा अर्ज आवक नोंदवहीत आहे पण फाइलमध्ये नाही, असे निष्पन्न झाले. (अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतल्याशिवाय कोणत्याही कार्यालयातून बाहेर पडू नये, मी ती प्रत घेतली होती म्हणून वाचलो.)

अखेर त्याच बाबूंनी वाट दाखवली: बाजारातल्या दुकानदाराकडून मूल्यांकन आणा. बसस्थानकासमोरच्या दुरुस्तीवाल्याने लेटरहेडवर प्रत्येकी साडेचार हजार लिहून दिले. बाराने गुणल्यावर चौपन्न हजार झाले, आणि पन्नास हजारांवर गेले की फाइल जिल्ह्याला पाठवावी लागते, असे मला सांगण्यात आले. मी त्याच दुपारी दुकानात परत गेलो. दुकानदाराने काही न विचारता नवे लेटरहेड काढले आणि चार हजार लिहिले. अठ्ठेचाळीस हजारांचे ते दान दुसऱ्या दिवशी मंजूर झाले.

तोवर ते बारा डबे माझ्या दिवाणखान्यात रचलेले होते. त्या रिकाम्या दिवसांचा एक फायदा झाला: प्रत्येक यंत्राची हार्ड डिस्क पुसून त्यावर उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, मराठी कीबोर्ड आणि इंटरनेटशिवाय चालणारे कोलिब्री हे शिकण्याचे सॉफ्टवेअर बसवता आले, बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात भरली. हे काम आधीच करावे. पेरू देशातल्या 319 शाळांची जी पाहणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत नुसते लॅपटॉप वाटल्याने मुलांचे गणित किंवा भाषा सुधारल्याचे दिसले नव्हते, आणि ती वाचल्यापासून यंत्र रिकामे देण्याची मला भीती वाटते. आणखी एक राहिले: शाळेच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे. आमच्याकडे नव्हते, आणि लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत होत्या. चार्जरवरही यंत्राचाच क्रमांक लिहावा, नाहीतर पिना जुळवण्यात तास जातो.

रजिस्टरचा क्रमांक वस्तूवर ऑइल पेंटने घालावा लागतो. शिपाईकाकांनी बाकांवर घालतात त्याच पांढऱ्या रंगाने, त्याच जाड ब्रशने प्रत्येक झाकणावर 41 ते 52 असे आकडे रंगवले. 46 चा ओघळ बिजागरीपर्यंत गेला आणि ते झाकण उघडायला थोडे जड जाते. मुले आता यंत्रांना याच आकड्यांनी ओळखतात. 44 ची बॅटरी सर्वांत जास्त टिकते हे त्यांना दोन दिवसांत कळले, त्यामुळे सकाळी शाळेचे कुलूप उघडताच त्याच्यासाठी भांडण होते.