झेवियर आडनावाची ‘हाय कास्ट’ बाई

मी अमेरिकेत, युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत लोकांच्या वंशावळी शोधून देतो, पैसे घेऊन. इथले मॉर्मन, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे लोक, मेलेल्या पूर्वजांच्या नावाने देवळात विधी करतात, त्यासाठी चर्चने जगभरची जन्ममृत्यूची दप्तरं फिल्म करून आणलीयत, त्यामुळे आमचं पोट भरतं. येणाऱ्या प्रत्येकाला आपली खापरपणजी इथे वस्ती करायला हातगाडी ओढत आली होती असं ऐकायचं असतं. हातगाडीने आले सगळे मिळून तीनेक हजार, १८५६ ते १८६० मध्ये, बाकीचे बैलगाड्यांनी. पण बैलगाडीचं कोणाला कौतुक नाही.

गेल्या महिन्यात सत्तरीच्या एक बाई आल्या. ‘तू इंडियाचा ना, मग ही तुझीच केस’ म्हणत टाइप केलेली चार पानं पुढे सरकवली. एलिझाबेथ झेवियर टेट, जन्म मुंबई, नवरा विल्यम टेट ब्रिटिश फलटणीतला, १८५६ ला विली कंपनीतून, म्हणजे हातगाड्यांच्या एका तांड्यातून, चालत आली, पुढे युटातल्याच सीडर सिटीत राहिली. आणि खाली, ‘हाय कास्ट हिंदू घराण्यातली’.

अमेरिकेची बाजू तासाभरात झाली. विली कंपनीचं रोजचं टिपण आहे राव. १५ जुलैला आयोवा सिटीहून निघाले, म्हणजे उशिराच, माणशी सतरा पौंड सामान, नेब्रास्कातल्या फ्लोरेन्सला प्रत्येक गाडीवर ९८ पौंडी पिठाचं पोतं चढवलं, वाटेत बैल पळाले, मग बर्फ. रॉकी रिज चढून गेल्यावर एका खड्ड्यात तेराजण पुरले, ९ नोव्हेंबरला सॉल्ट लेक. पीठ कधी कमी केलं तेसुद्धा लिहिलेलं.

मुंबईची बाजू मात्र कोरी. कंपनी सरकारच्या चर्चच्या नकला लंडनला जात त्या बघितल्या, टेट, टेट्, टाइट, झेवियर, शेवियर, सेवियर, सगळी स्पेलिंगं घालून. इंडेक्स करणाऱ्यांनी तर कमालच केलीय, पोर्तुगीज अक्षर वाचता येत नाही तर सोडून द्यावं ना, हे अंदाजाने काहीही ठोकतात आणि मग ते नाव कायमचं हरवतं. आणि कॅथलिक असेल तर बाप्तिस्म्याचं रजिस्टर त्या त्या चर्चच्या कपाटात, त्यात आईबापांचं नुसतं पहिलं नाव असलं की संपलं. एलिझाबेथ हे तिचं जन्माचं नाव तरी होतं का, कोण सांगणार.

बाई परत आल्या आणि पहिलाच प्रश्न, ‘कुठली कास्ट?’ मला जरा रागच आला, गोऱ्या लोकांना भारतातली पणजी हवी तर ती राजकन्याच हवी, कोळीण चालत नाही. मी सरळ सांगितलं, मॅडम, झेवियर हे कॅथलिक नाव आहे, हाय कास्ट हिंदू वगैरे विसरा. त्या काही बोलल्या नाहीत. पानं घडी करून पर्समध्ये ठेवली.

रात्री वसईला पप्पांना फोन केला, गंमत म्हणून सांगितलं. ते म्हणाले, ‘मग आपण कोण रे? आपणपण मूळचे सामवेदी ब्राह्मणच ना, अन् तुझं नाव काय ठेवलंय?’

हे लहानपणापासून हजारदा ऐकलंय. आमच्या कॅथलिकांत लग्न जुळवतानाही जात बघतात, चर्चमध्ये शेजारी बसणारे सगळे एका जातीचे नसतात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. म्हणजे त्या चार पानांतला ‘हिंदू’ चूक असेल पण ‘हाय कास्ट’ तिने स्वतःच सीडर सिटीत कोणाला तरी सांगितलं असेल, तीन पिढ्यांआधी बाटलेल्या घरातली मुलगी सांगते तसं. आणि मी ते एका वाक्यात खोडून टाकलं. वर त्याचे पैसेही घेतले.

बाईंना ईमेल केलाय, उत्तर नाही. मुंबईतल्या एका जुन्या चर्चला मावसभावाला पाठवलं होतं. तो म्हणतो १८३० च्या सुमाराचं रजिस्टर आहे पण पानं एकमेकांना चिकटलीयत आणि फादर ती सोडवू देत नाहीत.