लेबलवरचं नोसी बे

गेल्या मार्चमधली गोष्ट. मी न्यू जर्सीत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका दुकानात काम करते. शनिवारी दुपारी ऐन गर्दीत आमच्या ओळखीच्या एक रिटायर्ड शिक्षिका जाळीचा पिंजरा घेऊन आल्या, काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "हा नोसी बे आहे का, बघून सांग."

आत आठ-नऊ महिन्यांचा पँथर कॅमेलिऑन होता, म्हणजे रंग बदलणारा सरडा, नर. हातावर घेतला तर चिमट्यासारख्या पायांनी त्याने माझं बोट गच्च धरलं, एक डोळा माझ्याकडे, दुसरा दाराकडे. समोर आरसा धरला तसा तो फुगला आणि बघता बघता अंगावर विटकरी लाल पट्टे उठले. माझ्या पोटात गोळाच आला. नोसी बेचा नर असा नसतो, तो निळसर हिरवा, जवळपास एकरंगी, ओठांची कड पिवळी. असे लाल पट्टे आंबिलोबेकडच्या नरांना असतात.

पँथर कॅमेलिऑन ही मादागास्करची जात. एकच जात, पण उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर भाग बदलला की नराचे रंग बदलतात, म्हणून धंद्यात तो गावाच्या नावाने विकतात, आंबिलोबे, आंबांजा, सांबावा, तामातावे, आणि नोसी बे हे तिथलं बेट. याला आम्ही लोकॅल म्हणतो. म्हणजे नाव रंगाचं नाही, जागेचं आहे, आपल्या देवगड हापूससारखं, आणि दुसरीकडचा आंबा देवगडच्या पेटीत भरला की काय होतं ते आपल्याला माहितीच आहे. 2015 मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी 324 कॅमेलिऑनचं रक्त आणि फोटो तपासले तेव्हा त्यांना या एका जातीत 11 वेगळे वंश सापडले, म्हणजे ही नावं नुसती दुकानदारांची हौस नाहीत. पण सगळी मेख मादीत आहे. मादी कुठलीही असो, पीच किंवा तपकिरी, नुसतं बघून तिचं गाव सांगता येत नाही. ती कुठली हे फक्त कागद सांगतो, आणि पिल्लं विकताना जाहिरातीत फोटो लावतात तो बापाचा, तोही चिडून पूर्ण रंगात आलेला असताना काढलेला. पिल्लं सगळी करडी-तपकिरी, खरा रंग यायला महिने जातात, तोवर पैसे देऊन गिऱ्हाईक घरी गेलेलं असतं.

पिंजऱ्यातला हा बाईंच्या घरच्या जोडीचं पिल्लू. त्याचा बाप बाईंनी दुसरीकडून घेतला होता, कागदांसकट, त्यात खोट नव्हती. आई आमच्याकडची. मी जुनी वही काढली. होलसेलवाल्याच्या बिलावर फक्त "पँथर, मादी" लिहिलेलं आणि खाली पिंजऱ्याच्या लेबलसाठी "नोसी बे", ते अक्षर माझं होतं. मालक म्हणाले होते नोसी बे लिही, लवकर जाते, आणि मी न विचारता लिहिलं.

बाईंनी तिची बावीस अंडी ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या दाण्यांत, आठ महिने जपली होती, रोज तापमान लिहून ठेवायच्या, आणि त्यातली सहा पिल्लं शुद्ध नोसी बे म्हणून साडेतीनशे डॉलरला एक अशी विकलीही होती. "मी त्या लोकांना शब्द दिला होता गं," एवढंच म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि लेबल मी लिहिलं हे सांगितलं. मग त्या यादी वाचत होत्या आणि मी सहाही जणांना फोन लावले. चौघं म्हणाले आम्हाला तो आहे तसा आवडतो, पण याची पिल्लं काढणार नाही. एकाने पैसे परत मागितले. एकाने फोनच उचलला नाही, त्याला मी अजून मेसेज करते, कारण त्याच्याकडे मादी आहे आणि ती पुढे नोसी बे म्हणूनच विकली जाणार. परतीचे पैसे दुकानातून द्यायला मालकांना राजी करण्यात दोन दिवस गेले.

आता ज्या मादीचे कागद नाहीत तिच्या पिंजऱ्यावर मी "लोकॅल माहीत नाही" असं लिहिते. निम्म्या किमतीत जाते, मालक कुरकुरतात. बाईंनी तो लाल पट्ट्यांचा नर स्वतःकडेच ठेवलाय, परवा फोटो पाठवला होता, जास्वंदीच्या फांदीवर बसलेला.